बाँडवर सही करताना (आणि पळून जाताना) या चुका टाळा

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत चौदा वर्षं एचआर केलं, आता सुट्टं काम करतो, आणि नोकरीला लावताना कंपनी लिहून घेते त्या बाँडवरून (इतकी वर्षं थांबेन, नाहीतर पैसे भरेन) आठवड्याला एक तरी फोन ठरलेला, "सर, बाँड कोर्टात टिकत नाही ना?" तोवर पोरगं राजीनामा न देता, ग्रुपमधून लेफ्ट होऊन घरी बसलेलं असतं.

टिकत नाही हे रील बघून ठरवू नका बाबांनो. करार कायदा १८७२ चं कलम २७ सगळे तोंडपाठ सांगतात, पण ते लागतं मुख्यतः नोकरी सोडल्यावर अमुक कंपनीत जायचं नाही असल्या अटींना. इतकी वर्षं थांबा नाहीतर पैसे भरा, ही अट वेगळी. मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने तीन वर्षं किंवा २ लाख ही अट चालवून घेतली. आता ती सरकारी बँक, माणूस सिनियर मॅनेजर, भरती जाहिरातीतून, त्यामुळे दहा मशीनच्या वर्कशॉपवाल्यांनीही लगेच कॉलर ताठ करू नये. त्याच कायद्याचं कलम ७४ आहे ना. बाँडमध्ये आकडा कितीही टाका, ती फक्त वरची मर्यादा, कोर्ट देतं ते वाजवी तेवढंच. सिक्पा कंपनीच्या केसमध्ये बाँड होता २ लाखांचा, खर्च निघाला ६७,५९५, पोराने तीनपैकी दोन वर्षं काम केलेलं, म्हणून कंपनीला मिळाले २२,५३२. दिल्ली हायकोर्टाने २०११ ला तेच कायम ठेवलं. म्हणजे भांडण ट्रेनिंगच्या बिलांचं असतं, स्टॅम्पपेपरचं नाही.

आणि माझा खरा राग कोऱ्या चेकवर आहे. बाँडसोबत "सिक्युरिटी" म्हणून दोन चेक मागतात आणि ही पोरं पेन विचारून सही करतात! सिन्नरचा एक डिप्लोमावाला, सीएनसी मशीनवर लागलेला, सात महिन्यांत चाकणला गेला, राजीनामा नाही, फोन ब्लॉक. कंपनीने चेकवर दीड लाख टाकून बँकेत लावला, बाउन्स. नोटीस गावाकडे गेली, वडिलांनी ती देव्हाऱ्यामागे खोचून ठेवली, पोराला सांगितलंच नाही, आणि पैसे भरायचे पंधरा दिवस तिथेच संपले. पुढे चेक बाउन्सचं कलम १३८, म्हणजे फौजदारी, नाशिकला सीबीएस स्टँडजवळच्या कोर्टात तारखा सुरू. माझ्याकडे आला तेव्हा एकच पालुपद, सही निळ्या पेनची, आकडा काळ्या पेनचा, अक्षर माझं नाही. अरे पण सही तुझी आहे ना? सुप्रीम कोर्टाने २०१९ ला स्पष्ट सांगितलंय, सही करून दिलेला कोरा चेक दुसऱ्याने भरला तरी देणं होतं असंच आधी धरतात, नव्हतं हे तुम्ही दाखवायचं. शेवटी आम्ही ट्रेनिंगची बिलं मागितली, निघालं काय तर सहा दिवस दुसऱ्या ऑपरेटरच्या शेजारी उभं राहणं. चाळीस हजारांत मिटलं, पण चाकणहून नाशिक अकरा खेपा झाल्या त्याच्या. नोटिशीला वेळेत दोन पानी उत्तर दिलं असतं तर बहुतेक निम्म्यात मिटलं असतं.

बाकीचं पटापट. ओरिजिनल मार्कशीट द्यायची नाही, झेरॉक्स द्या. बाँडची कॉपी मिळत नसेल तर सही करतानाच मोबाईलवर प्रत्येक पानाचा फोटो, लाजायचं काय त्यात. राजीनामा ईमेलवर आणि स्वतःच्या जीमेलला सीसी, कारण कंपनीचा आयडी संध्याकाळपर्यंत बंद होतो. पैसे भरायचेच तर बँकेतून, "हरकत राखून भरतोय" असं लिहून, कॅश अजिबात नाही. सक्तीने कामावर कोणी बसवू शकत नाही, तेवढ्यासाठी घाबरून नोटीस पिरियड बुडवू नका, ते वेगळंच लफडं होतं.

परवा पुन्हा एकाचा फोन. आता मी आधी हेच विचारतो, चेक किती दिलेस? म्हणे, तीन. चेकबुक घेऊन ये म्हटलं, नंबर तरी लिहून काढू.