परीक्षेची तयारी आणि पुढची वाट : किशोरवयीन मुलांच्या पालकांसाठी व शिक्षकांसाठी

राष्ट्रीय पातळीवरील परीक्षेचे वर्ष उजाडले की बहुतेक घरांत एक क्रम न बोलताच ठरून जातो : आधी परीक्षा, आणि पुढे काय शिकायचे त्याचा विचार निकालानंतर. हा क्रम सोयीचा वाटतो, पण नंतरच्या पुष्कळ गोंधळाचे मूळ त्यातच असते. निकाल आणि प्रवेशाची अखेरची तारीख यांमध्ये फार थोडे दिवस उरतात, आणि त्या दिवसांत गुणांच्या आकड्याखाली दबलेल्या घरात जो निर्णय होतो तो क्वचितच मुलाचा स्वतःचा असतो. म्हणून तयारी आणि निवड ही दोन्ही कामे वर्षाच्या आरंभापासून जोडीने चालवावीत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. अभ्यास करताना मुलाविषयी जी माहिती रोज हाती येत असते, म्हणजे ते कुठे चुकते, कुठे रमते, कोणते काम कोणी न सांगता हाती घेते, तीच पुढची वाट ठरवतानाही सर्वांत उपयोगी पडते.

परीक्षा गुण कसे मोजते, ते आधी पाहावे

सगळ्या राष्ट्रीय परीक्षा एका जातीच्या नसतात. फ्रान्समधील बाकालोरेआ ही शालान्त परीक्षा मुळात पात्रतेची आहे : 20 पैकी 10 ची सरासरी मिळाली की विद्यार्थी उत्तीर्ण होतो, आणि 8 ते 10 च्या दरम्यान सरासरी असलेल्याला तोंडी परीक्षेची आणखी एक संधी मिळते. जर्मनीतील आबिटूर या शालान्त परीक्षेत एकूण 900 गुणांपैकी 600 गुण शेवटच्या दोन वर्षांतील वर्गकामावरून येतात आणि अंतिम परीक्षेचा वाटा 300 गुणांचा असतो. याउलट चीनमधील विद्यापीठ-प्रवेशाची गाओकाओ किंवा भारतातील वैद्यकीय प्रवेशाची नीट या परीक्षांत किती गुण मिळाले यापेक्षा किती जणांच्या पुढे क्रमांक लागला याला महत्त्व असते. या फरकावरून सगळ्या वर्षाची आखणी बदलते. आबिटूरसारख्या पद्धतीत शेवटच्या महिन्यातील धावपळ पहिल्या वर्षातील ढिलाई भरून काढू शकत नाही. पात्रतेच्या परीक्षेत कच्चा विषय उत्तीर्णतेच्या रेषेवर आणणे हे पहिले काम ठरते, तर क्रमवारीच्या परीक्षेत येत असलेल्या प्रश्नांत एकही गुण न गमावणे हे कौशल्य निर्णायक असते.

चुकीच्या उत्तराला गुण कापले जात असतील, तर तो हिशेब मुलांना शांतपणे समजावून द्यावा, कारण पुष्कळ मुले एक तर भीतीने प्रश्न सोडून देतात किंवा शेवटच्या पाच मिनिटांत डोळे मिटून खुणा करत सुटतात. नीटमध्ये 180 प्रश्न आणि 720 गुण असतात, बरोबर उत्तराला 4 गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराला 1 गुण वजा होतो. चार पर्यायांपैकी एकही ओळखता येत नसताना केवळ अंदाजाने उत्तर दिले, तर सरासरीने पाव गुण पदरात पडतो, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. दोन पर्याय निश्चितपणे चूक आहेत हे ओळखता आले, तर उरलेल्या दोहोंतून निवडण्याची सरासरी प्राप्ती दीड गुण होते. म्हणून ‘अंदाज करू नकोस’ किंवा ‘काहीही सोडू नकोस’ हे दोन्ही सरसकट सल्ले चुकीचे आहेत. पर्याय खोडण्याची सवय लावणे हा खरा सल्ला, आणि ती सवय सराव-प्रश्नपत्रिकांतच लागते.

या पायरीसाठी एक संध्याकाळ पुरते. परीक्षेची अधिकृत माहितीपुस्तिका समोर ठेवावी आणि एकूण गुण, वेळ, गुणकपातीचा नियम, वर्गकामाचा वाटा, किती वेळा परीक्षा देता येते आणि अर्जाच्या तारखा एवढे एका पानावर उतरवावे. हे पान मुलाने स्वतःच्या हाताने लिहावे, कारण नियम ज्याने शोधले त्यालाच ते आपले वाटतात.

वाचन म्हणजे अभ्यास नव्हे

हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 साली स्वतःवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरगट पाठ करून तो ठरावीक काळाने ते पुन्हा तपासत असे, आणि पाठांतरानंतर पहिल्या काही तासांतच विस्मरणाचा वेग सर्वाधिक असतो, पुढे तो मंदावतो, असे त्याला आढळले. अर्थपूर्ण धडा इतक्या वेगाने पुसला जात नाही, तरीही आज नीट समजलेले प्रकरण चार दिवसांनी अर्धवट आठवते हा अनुभव प्रत्येक विद्यार्थ्याचा असतो आणि त्यात मुलाचा दोष नसतो. आपल्या मुलाची स्मरणशक्ती कमी आहे असा निष्कर्ष पालक फार लवकर काढतात, आणि तो एकदा मुलाच्या कानी पडला की मुलगाही तसेच मानू लागतो.

यावरचा उपाय पुन्हा पुन्हा वाचणे हा नव्हे. रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकी संशोधकांनी 2006 साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी एक उतारा दोनदा अभ्यासला, तर इतरांनी तो एकदा अभ्यासून नंतर न पाहता आठवेल तेवढा लिहिला. पाच मिनिटांनी तपासणी केली तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते, पण आठवड्यानंतरच्या तपासणीत आठवून लिहिणाऱ्यांनी त्यांना स्पष्टपणे मागे टाकले. या निष्कर्षाचा पहिला भाग मला दुसऱ्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. वाचून लगेच सगळे आठवते, म्हणून मुलाला आपला अभ्यास झाला असे मनापासून वाटते, आणि परीक्षेत आठवले नाही की तो स्वतःला दोष देतो. शिकवण्याच्या पहिल्या काही वर्षांत मीही विद्यार्थ्यांना ‘आणखी एकदा वाचून काढा’ असेच सांगत असे, आणि तो सल्ला चुकीचा होता.

घरी यासाठी विशेष साधने लागत नाहीत. एक प्रकरण वाचून झाल्यावर पुस्तक मिटावे, कोऱ्या कागदावर आठवेल ते सगळे लिहावे, मग पुस्तक उघडून राहिलेले व चुकलेले वेगळ्या शाईने भरावे. हीच कृती दोन दिवसांनी, मग आठवड्याने, मग तीन आठवड्यांनी करावी. परीक्षा जितकी लांब तितके उजळण्यांमधील अंतर जास्त ठेवता येते. गणित आणि विज्ञानाची उदाहरणे सोडवताना एकाच प्रकारची वीस उदाहरणे ओळीने सोडवण्याऐवजी निरनिराळ्या प्रकरणांतील उदाहरणे मिसळून सोडवावीत, कारण परीक्षेत कोणती पद्धत लावायची हे प्रश्नपत्रिका सांगत नाही आणि ती ओळखण्याचाही सराव लागतो. असा अभ्यास वाचनापेक्षा जड जातो, सुरुवातीला गुणही कमी पडल्यासारखे दिसतात, आणि नेमक्या त्याच वेळी मोठ्यांनी धीर धरायचा असतो. ओळी रंगवणे आणि पुन्हा वाचणे हे मुलांचे आवडते मार्ग. डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 साली अभ्यासाच्या दहा तंत्रांचा आढावा घेतला तेव्हा हे दोन्ही मार्ग कमी उपयोगाचे ठरले, तर स्वतःची चाचणी घेणे आणि अभ्यास अंतराने विभागणे ही दोन तंत्रे सर्वांत वर राहिली.

चुकांची वही

माझ्या मते सगळ्या तयारीत या वहीइतके मोलाचे साधन दुसरे नाही. प्रत्येक सराव-प्रश्नपत्रिकेनंतर चुकलेला प्रश्न, आपले उत्तर, बरोबर उत्तर आणि चूक का झाली त्याचे एक वाक्य एवढे तिच्यात लिहावे. कारण लिहिताना ‘निष्काळजीपणा’ हा शब्द चालू देऊ नये, कारण त्यातून उपाय निघत नाही. संकल्पनाच समजली नव्हती, समजली होती पण आठवली नाही, प्रश्नातील ‘नाही’ हा शब्द नजरेतून सुटला, आकडेमोडीत चिन्ह बदलले, की वेळ संपली, हे स्पष्ट लिहावे. संकल्पना कच्ची असेल तर शिक्षकांकडे जावे लागते, आठवले नसेल तर उजळणीचे वेळापत्रक बदलावे लागते, प्रश्न चुकीचा वाचला असेल तर प्रश्नातील महत्त्वाच्या शब्दाखाली रेघ ओढण्याची सवय लावावी लागते, आणि वेळ संपली असेल तर प्रश्न कोणत्या क्रमाने घ्यायचे ते पुन्हा ठरवावे लागते. दोन महिन्यांची वही चाळली की चुकांचा कल दिसू लागतो, आणि बहुधा तो घरच्यांच्या अंदाजाहून वेगळा असतो.

ही वही मुलाची आहे. पालकांनी ती मागून पाहू नये, आणि दाखवली तर टीका न करता पाहावी. चुका लपवाव्या लागतील असे वाटले की मुले खऱ्या चुका लिहीतच नाहीत, आणि वही निरुपयोगी होते. वहीच्या शेवटच्या पानांवर मात्र वेगळी नोंद ठेवण्यास सुचवावे : या आठवड्यात कोणत्या विषयात वेळ कसा गेला ते कळले नाही, कोणत्या प्रश्नाबद्दल अभ्यासक्रमाबाहेरही काही शोधून वाचले, कोणते काम टाळले. वाट निवडताना हीच पाने हाती घ्यायची आहेत.

झोपेविषयी थोडक्यात सांगतो. 13 ते 18 वर्षे वयाच्या मुलांनी दिवसाच्या 24 तासांत 8 ते 10 तास झोपावे, अशी अमेरिकी निद्रावैद्यक अकादमीची 2016 ची शिफारस आहे. या वयात शरीराचे घड्याळ उशिराकडे सरकते, त्यामुळे रात्री झोप न येणे आणि पहाटे डोळे न उघडणे हा आळस मानू नये. शिकलेले मनात पक्के होण्याचे काम झोपेतही चालते, म्हणून जागरण करून वाचलेल्या दोन तासांची किंमत दुसऱ्या दिवशी चुकवावी लागते. परीक्षेच्या आधीचे तीन-चार आठवडे परीक्षेच्या वेळेलाच सराव-प्रश्नपत्रिका सोडवाव्यात.

वाट निवडताना

विषय आवडणे आणि त्या विषयाशी जोडलेले काम आवडणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. जीवशास्त्राची पुस्तके आवडीने वाचणाऱ्या मुलीला रुग्णांच्या सहवासात दिवस घालवणे आवडेलच असे नाही, आणि गणितात सामान्य गुण मिळवणारा मुलगा यंत्र उघडून दुरुस्त करण्यात तासन्‌तास रमू शकतो. म्हणून विचारात असलेल्या प्रत्येक अभ्यासक्रमाबाबत तीन गोष्टी कराव्यात : त्याच्या पहिल्या वर्षाचा प्रत्यक्ष पाठ्यक्रम वाचावा, सध्या तो शिकत असलेल्या विद्यार्थ्याशी बोलावे, आणि ते काम करणाऱ्या व्यक्तीचा एक दिवस जवळून पाहावा. या तीन गोष्टींनंतर पुष्कळ स्वप्ने गळून पडतात, आणि जी टिकतात ती पक्की असतात. कलचाचण्यांचा उपयोग बोलणे सुरू करण्यापुरता करावा, त्यांचा निकाल निर्णय म्हणून स्वीकारू नये. सोळाव्या वर्षीच्या आवडी अजून घडत असतात.

व्यावसायिक शिक्षणाकडे कमी गुणांची वाट म्हणून पाहण्याची सवय सोडावी. स्वित्झर्लंडमध्ये सक्तीचे शिक्षण संपल्यावर सुमारे दोन तृतीयांश तरुण व्यावसायिक प्रशिक्षण घेतात, काही दिवस प्रत्यक्ष कामावर आणि काही दिवस शाळेत अशी त्याची रचना असते, आणि त्यासोबत मिळवता येणाऱ्या व्यावसायिक माट्युरा या प्रमाणपत्राच्या बळावर उपयोजित विज्ञानाच्या विद्यापीठांत प्रवेश घेता येतो. वाट कोणतीही असो, तिच्याविषयी विचारायचा पहिला प्रश्न हा की तेथून पुढे कोणती दारे उघडी राहतात आणि कोणती कायमची मिटतात. ज्याचे मन अजून ठरलेले नाही त्याने दारे उघडी ठेवणारा पर्याय घ्यावा. ज्याचे ठरले आहे त्याला केवळ ‘पुढे पर्याय राहतील’ या कारणाने आवडत्या कामापासून दूर ठेवू नये.

पैशाबद्दल मुलांशी लवकर आणि खरे बोलावे. किती खर्च झेपेल, कर्ज घ्यायचे झाल्यास ते कोण फेडणार, दूर राहण्याचा खर्च किती, हे प्रवेशाच्या आदल्या दिवशी कळलेले मूल स्वतःला फसवले गेल्यासारखे समजते. मतभेद झाल्यास पालकांनी आपली भीती भीती म्हणूनच सांगावी. ‘या क्षेत्रात काही नाही’ असे म्हणण्यापेक्षा ‘तुला स्थिर उत्पन्न मिळणार नाही याची मला काळजी वाटते’ असे म्हटले, तर मूल त्या काळजीचे उत्तर शोधू शकते.

पुन्हा परीक्षा द्यायची का, हेही निकालाआधीच ठरवावे, आणि त्यासाठी चुकांची वही उघडावी. शेवटच्या तीन महिन्यांत सरावातील गुण वाढत असतील आणि उरलेल्या चुकांना ठोस उपाय दिसत असतील, तर आणखी एका वर्षाला आधार आहे. गुण दीर्घकाळ एकाच ठिकाणी थांबले असतील आणि मूल थकले असेल, तर दुसरी चांगली वाट धरणे हाच शहाणपणाचा निर्णय ठरतो, मग शेजारीपाजारी काहीही म्हणोत.

निकालाच्या किमान महिनाभर आधी पसंतीची यादी कागदावर तयार असावी : गुण उत्तम आले तर, अपेक्षेइतके आले तर, आणि कमी आले तर. तिन्ही परिस्थितींत जेथे मूल खरोखर जाण्यास तयार आहे अशीच नावे लिहावीत, कारण मन नसताना भरलेला पर्यायही वाट्याला येऊ शकतो. विद्यार्थ्याच्या क्रमांकाप्रमाणे त्याच्या यादीतील सर्वांत वरची उपलब्ध जागा जेथे दिली जाते, तेथे ‘मिळणार नाही’ म्हणून आवडता पर्याय खाली ढकलण्यात काहीच लाभ नसतो, म्हणून खरी आवड तीच पहिली लिहावी. अर्ज मुलाने स्वतः भरावा. मोठ्यांनी जन्मतारीख, अभ्यासक्रमांचे संकेतांक, शुल्काची पावती आणि अखेरची तारीख एवढेच तपासावे, आणि शेवटच्या दिवसाची वाट न पाहता दोन दिवस आधीच तो दाखल करून त्याची प्रत जपून ठेवावी.