डोंगराच्या कुशीत निवृत्तीचं घर घेताय? या चुका टाळा

ऑगस्टमधल्या एखाद्या रविवारी नाशिक जिल्ह्यात, इगतपुरीजवळच्या भावली धरणाच्या रस्त्याला गेलं की निम्मा सौदा तिथेच ठरतो. धुकं, धबधबे, गरम भजी आणि पुढच्या वळणावर ‘प्लॉट विकणे आहे’ची पाटी. पण घाटाकडचं गाव खरं कळतं ते जुलैच्या झडीत आणि मेच्या मध्यावर. या दोन्ही वेळा टाळून केलेली पसंती पुढे महागात पडते.

ऐन घाटमाथ्यावर घर घेणं

इगतपुरीला वर्षाला साधारण 3,000 मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून 45 किलोमीटरवरच्या नाशिक शहरात जेमतेम 700. समुद्रावरून आलेले ढग घाटाच्या कड्याला अडून वर चढतात आणि तिथेच रिते होतात. पूर्वेकडे सरकावं तसा पाऊस झपाट्याने उतरतो. म्हणून मुंबई रस्त्यावर वाडीवऱ्हे, त्र्यंबक रस्त्यावर महिरावणी-तळेगाव किंवा गंगापूर धरणाच्या बाजूला गिरणारे, हा पट्टा साठीनंतर जास्त मानवतो. डोंगर खिडकीतून दिसतो, पण अंगावर येत नाही. (थंडीसाठीच डोंगर हवा असेल तर एक गंमत लक्षात घ्या: जिल्ह्यातला नीचांकी पारा बहुतेक वेळा सपाटीवरच्या निफाडचाच असतो.)

बांधलेलं घर घेणार असाल तर जुलैत पाहा. पश्चिमेच्या भिंतीला आतून तळहात लावा. गार आणि चिकट लागली, जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत पोपडे सुटलेले असले किंवा क्षाराची पांढरी फुलं दिसली, तर ओल भिंतीत मुरलेली आहे. नुसत्या रंगाने ती जात नाही. भिंतीला टेकलेलं कपाट पुढे ओढून मागची बाजू बघा, बुरशी तिथे आधी धरते. दमेकऱ्याने अशा घराच्या वाटेला जाऊ नये. नवीन बांधताना सपाट स्लॅबचा हट्ट सोडा. छपराला चांगला उतार द्या, वळचण किमान तीन फूट बाहेर काढा आणि पश्चिमेला पडवी ठेवा. सोलर बंबावर पावसाळ्यात विसंबू नका. जुलै-ऑगस्टमध्ये सलग कित्येक दिवस पाणी कोमटसुद्धा होत नाही.

‘इथे पाण्याला काय तोटा!’

हे वाक्य पावसाळ्यातच ऐकू येतं. इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाणा या सगळ्यांत जास्त पावसाच्या तालुक्यांतल्याच पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये हंडे घेऊन वणवण असते. खाली काळा कातळ, वर मातीचा पातळ थर आणि तीव्र उतार, त्यामुळे पाणी मुरायच्या आत वाहून जातं. दलालाने बोअरला ‘दोन इंची पाणी’ सांगितलं तर मेमध्ये स्वतः तपासा. पंप लावून 15 लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते मोजा. 30 सेकंद म्हणजे ताशी 1,800 लिटर. पंप तसाच चालू ठेवून दोन तासांनी पुन्हा मोजा. वेळ दुप्पट झाला किंवा पाणी गढूळ येऊ लागलं, तर तो बोअर उन्हाळा काढणार नाही. शिवाय गावच्या विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायकांना विचारा, टँकर कधीपासून येतो. खरं उत्तर तिथेच मिळतं.

दोन माणसांना रोज 300 लिटर धरा. मार्च ते मध्य जून असे 100 दिवस म्हणजे 30,000 लिटर. त्याला 4 बाय 3 मीटरची, अडीच मीटर खोल टाकी पुरते, आणि घाटाजवळ ती छपरावरच्या पाण्याने आरामात भरते. सेप्टिक टँक मात्र विहिरीच्या उताराखालीच घ्या, अंतर किमान 15 मीटर.

दवाखाना किलोमीटरमध्ये मोजणं

पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही सीटी स्कॅन झाल्यावर. त्यातून दुखणं लक्षात येण्याचा आणि गाडी येण्याचा वेळ वजा करा. म्हणून प्रश्न एकच: सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयात जुलैच्या रात्री, धुक्यात, गाडी तासाभरात पोचते का? ती फेरी एकदा स्वतः मारून पाहा. पावसाळी रविवारी पहिने भागात गाड्यांच्या रांगा लागतात, तेव्हाचीही एक फेरी मारा. त्र्यंबकच्या बाजूला जाणाऱ्यांनी 2027 च्या ऑगस्ट-सप्टेंबरातला सिंहस्थही हिशेबात धरावा; पर्वणीच्या दिवशी तो रस्ता आपला राहत नाही.

सातबारा न वाचता विसार देणं

या पट्ट्यात बरीच जमीन आदिवासी खातेदारांची आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 36 अ प्रमाणे ती जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बिगर-आदिवासीला घेता येत नाही, भाडेपट्ट्यानेही नाही. त्यामुळे ‘99 वर्षांचा करार करून देतो’ किंवा ‘मुखत्यारपत्रावर भागवू’ म्हणणाऱ्याला नमस्कार करावा. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग 2 (म्हणजे हस्तांतरणावर सरकारी बंधनं असलेली जमीन) असेल तर विक्रीला परवानगी लागते. ‘इतर हक्क’ हा रकाना आधी वाचा, नावं नंतर. तुम्ही स्वतः शेतकरी नसाल तर शेतजमीन थेट घेता येत नाही. बिनशेती प्लॉटच बघा आणि बिनशेतीचा आदेश मूळ कागदावर पाहा. धरणाच्या पाण्याला लागून असलेला तुकडा मोजणी करून घेतल्याशिवाय नकोच. त्याचा काही भाग धरणासाठी सरकारने संपादित केलेला निघू शकतो.

उताराच्या पायथ्याशी, भराव टाकून सपाट केलेला प्लॉट सोडून द्या. वाकलेली झाडं, जमिनीतल्या आडव्या भेगा, पावसाळ्यात नव्या जागी फुटणारे झरे, ही डोंगर सरकण्याची लक्षणं. 30 जुलै 2014 ला पुणे जिल्ह्यातलं माळीण गाव दरडीखाली गेलं ते अशाच सह्याद्रीच्या उतारावर. शिवाय गुडघ्यांचा विचार करा. गेटपासून दारापर्यंत 20 पायऱ्या आज काहीच वाटत नाहीत. स्ट्रेचर आणताना त्या मोजल्या जातात.

आणि नाशिकमधला फ्लॅट विकून एकदम जाऊ नका. आधी पसंतीच्या गावात भाड्याने राहा. करार बहुधा 11 महिन्यांचाच असतो. तो 1 जुलैला सुरू केलात, तर 31 मेला संपतो.