कॅमेऱ्यासमोर अवघडल्यासारखे होत असेल तर

एरवी कट्ट्यावर तासभर गप्पा रंगवणारी बेळगाव, खानापूर, निपाणीकडची मंडळी रील करताना एकदम बातम्या वाचल्यासारखी बोलू लागतात, याचे कारण बहुधा लाजाळूपणा नसून उसना घेतलेला पुणेरी सूर हे असते. म्हणून पाठ केलेला मजकूर बाजूला ठेवावा, मोबाईल डोळ्यांच्या पातळीवर टेकवावा, त्याच्या मागे ओळखीच्या माणसाला बसवावे आणि जे सांगायचे ते त्यालाच सांगावे. हाताला काम असल्यास आणखी बरे. कुंदा ही दुधाची मिठाई करून दाखवायची असेल, तर कढईतले दूध आटवता आटवताच बोलावे, कारण उलथणे हातात असले की हातांचे काय करायचे हा प्रश्न उरत नाही. दूध तळाला लागताच तोंडून निघालेले ‘अगं बाई, लागलं की!’ कापू नये, सुरुवातीचे घसा खाकरणे मात्र जरूर कापावे.

स्वतःचा आवाज ऐकून अनेकांना ओशाळल्यासारखे होते. बोलताना तो आपल्याला हवेतून तसाच कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो. ध्वनिमुद्रणात हाडांतून येणारा भरीवपणा नसल्याने तो पातळ भासतो, पण इतरांना तो नेहमीचाच वाटतो. शक्यतो मागचा कॅमेरा वापरावा, म्हणजे पडद्यावर स्वतःलाच न्याहाळत बसण्याची सोय राहत नाही.

बोलण्यात मध्येच कन्नड शब्द आला, तर पुन्हा चित्रीकरण न करता पडद्याच्या खालच्या पट्टीत अर्थ लिहून द्यावा. बेळगावच्या खडेबाजारात चित्रीकरण करणार असाल, तर चौकटीत येणाऱ्या दुकानदाराला आधी विचारावे.