कर्नलची लिंकर स्क्रिप्ट लिहिताना या चुका टाळा

गेल्या उन्हाळ्यात यावलकडचा एक विद्यार्थी आपला बत्तीस-बिटी कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, घेऊन माझ्याकडे जळगावला आला. कर्नल ग्रब या बूटलोडरमधून व्यवस्थित चढत होता, पडद्यावर अक्षरे उमटत होती, पेजिंगही (आभासी पत्ते भौतिक पत्त्यांशी जोडण्याची सोय) सुरू होत होते. मात्र मेमरीची पाने वाटणारा ॲलोकेटर पहिले पान देऊन थोडा पुढे सरकला की यंत्र एकदम रीबूट होत असे. त्याने दोन आठवडे ॲलोकेटरची एकेक ओळ तपासली होती आणि त्यातली प्रत्येक ओळ बरोबर होती. चूक लिंकर स्क्रिप्टमध्ये, म्हणजे कोड आणि डेटाचे भाग (सेक्शने) कोणत्या पत्त्यावर बसवायचे हे लिंकरला सांगणाऱ्या फाइलमध्ये, होती: कर्नल कुठे संपतो हे सांगणारे सिम्बॉल त्याने डेटा सेक्शननंतर, पण बीएसएस सेक्शनच्या आधी लिहिले होते.

बीएसएसमधील चलांची सुरुवातीची किंमत शून्यच असल्यामुळे त्यांना फाइलमध्ये जागा लागत नाही, म्हणून हे सेक्शन सहज नजरेआड होते. मेमरीत मात्र ते आपली पूर्ण जागा घेते. या मुलाची पेज डिरेक्टरी, म्हणजे पेजिंगचा मुख्य तक्ता, आणि १६ किलोबाइटचा स्टॅक दोन्ही तिथेच होते, त्यातही पेज डिरेक्टरी अगदी आरंभी. ॲलोकेटरच्या हिशेबाने कर्नल संपला तिथून मोकळी मेमरी सुरू होत होती, त्यामुळे त्याने दिलेले पहिलेच पान पेज डिरेक्टरीचे निघाले, आणि पान देण्याआधी ते शून्याने पुसण्याची चांगली सवय असल्याने ती डिरेक्टरी पुसलीही गेली. यंत्र त्याच क्षणी कोसळले असते तर शोध सोपा झाला असता. पण प्रोसेसरच्या टीएलबीमध्ये, म्हणजे अलीकडे वापरलेली पत्त्यांची भाषांतरे लक्षात ठेवणाऱ्या साठ्यात, जुन्या पत्त्यांच्या नोंदी शिल्लक होत्या, त्यांच्या बळावर कोड काही काळ चालत राहिला, आणि टीएलबीत नसलेला पत्ता लागला तेव्हा पेज फॉल्ट, मग डबल फॉल्ट आणि शेवटी ट्रिपल फॉल्ट होऊन रीबूट झाले. लिंकर स्क्रिप्टच्या बहुतेक चुका अशाच वागतात. लिंकर तक्रार न करता फाइल तयार करून देतो आणि फटका भलत्याच ठिकाणी बसतो. म्हणून कर्नल चालवण्याआधी रीडएल्फने (लिंकरने दिलेली एल्फ फाइल उलगडून दाखवणारे साधन) सेक्शनांची आणि प्रोग्राम हेडरांची यादी काढून ती ओळीने वाचावी, असा माझा आग्रह आहे.

सिम्बॉलचा पत्ता आणि त्याची किंमत

स्क्रिप्टमध्ये लिहिलेले सिम्बॉल म्हणजे केवळ एक पत्ता असतो. त्याच्या नावाने मेमरीत काहीही साठवलेले नसते. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर तो सातबाऱ्यावरचा गट नंबर आहे, गटातले पीक नव्हे. सी भाषेत हेच सिम्बॉल बाहेरचे पूर्णांक चल म्हणून जाहीर करून थेट वाचले, तर त्या पत्त्यावर जे बाइट पडलेले असतील तेच कर्नलचा शेवट म्हणून हाती येतात. ते सिम्बॉल कॅरेक्टरांचा ॲरे म्हणून जाहीर करावे, म्हणजे नुसते नाव लिहिले तरी पत्ताच मिळतो आणि चुकीला वाव राहत नाही.

मल्टिबूट हेडर हरवणे

मल्टिबूट हेडर म्हणजे ग्रबला कर्नल ओळखता यावा म्हणून फाइलमध्ये ठेवलेली खूण. ग्रबने कर्नल नाकारला, की हे हेडर फाइलमध्ये नक्की कुठे बसले आहे ते आधी पाहावे. पहिल्या मल्टिबूटचे हेडर फाइलच्या पहिल्या ८१९२ बाइटांत आणि ४ बाइटांच्या सीमेवर असावे लागते. मल्टिबूट २ साठी ही मर्यादा ३२७६८ बाइट आणि सीमा ८ बाइटांची आहे. त्यामुळे हेडरचे सेक्शन स्क्रिप्टमध्ये सर्वांत आधी घ्यावे. न वापरलेली सेक्शने काढून टाकण्याचा पर्याय लिंकरला दिलेला असेल, तर हेडरकडे कोणाचाच संदर्भ जात नसल्याने तेही काढले जाते. सेक्शन काढू नको असे सांगणारा कीप हा शब्द त्याच्यासाठीच आहे. आणखी एक छुपा अपराधी म्हणजे बिल्ड-आयडीची, तयार फाइलची ओळख सांगणारी, नोंद. स्क्रिप्टने तिला जागा दिली नसेल तर लिंकर ती स्वतःच्या मर्जीने कुठेतरी, कधी कधी हेडरच्याही आधी, बसवतो. ती नको असल्यास लिंकरला तसे स्पष्ट सांगावे.

जागा न दिलेल्या अशा सेक्शनांना अनाथ सेक्शने म्हणतात आणि ती फार वेळा हाताच्या चुकीने तयार होतात. स्क्रिप्टमध्ये फक्त रोडेटा (स्थिरांकांचे सेक्शन) लिहिले आणि त्यापुढे डॉट व तारांकन असलेले रूप लिहिले नाही, तर कंपायलरने वेगळ्या नावाने काढलेले स्थिरांक बाहेर राहतात. कॉमन, म्हणजे सुरुवातीची किंमत न दिलेल्या जागतिक चलांच्या, गटाचेही असेच होते. जीसीसीच्या १० व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२० पासून, कंपायलर स्वतःहून कॉमन चले काढत नाही, पण जुना कंपायलर किंवा जुने पर्याय असतील तर बीएसएसमध्ये कॉमन लिहावेच लागते. अनाथ सेक्शन दिसताच इशारा देण्याचा पर्याय लिंकरमध्ये आहे. तो कायम सुरू ठेवावा.

आभासी आणि भौतिक पत्त्यांची गल्लत

१ मेगाबाइटखालच्या पट्ट्यात, ६४० किलोबाइटपासून वर, व्हिडिओ मेमरी आणि बायोसचा रॉम असतो, म्हणून छोटे कर्नल साधारणपणे १ मेगाबाइटवर चढवतात. मात्र कर्नल ३ गिगाबाइटच्या वर चालवायचा असेल, तर प्रत्येक सेक्शनला दोन पत्ते लागतात: जिथून तो चालेल तो आभासी आणि जिथे बूटलोडर त्याला ठेवेल तो भौतिक. भौतिक पत्ता ॲट या शब्दाने द्यावा लागतो आणि तो आभासी पत्त्यातून दोन्हींमधले ठरलेले अंतर वजा करून काढावा. तो दिला नाही, तर ग्रब ३ गिगाबाइटवर भौतिक मेमरी शोधू लागतो आणि २५६ मेगाबाइट दिलेल्या क्यूएमूत (संगणकाची नक्कल करणारा प्रोग्राम) ती मिळणे शक्यच नसते. पेजिंग सुरू होण्याआधीचा कोड मात्र खालच्या पत्त्यावरच लिंक करावा, नाहीतर त्याने घेतलेला प्रत्येक थेट पत्ता चुकीचा ठरतो. आरंभी सांगितलेले शेवटाचे सिम्बॉलही इथे आभासी पत्ता देते. भौतिक पानांचा हिशेब करणाऱ्या ॲलोकेटरला ते अंतर वजा करूनच द्यावे.

चौसष्ट-बिटी कर्नल सर्वांत वरच्या २ गिगाबाइटमध्ये लिंक करताना ‘रिलोकेशन ट्रंकेटेड’, म्हणजे पत्ता दिलेल्या जागेत मावत नाही, असा संदेश आला, तर स्क्रिप्टशी झटापट करण्याआधी कंपायलरला कर्नल कोड-मॉडेलचा पर्याय दिला आहे का ते पाहावे.

टिंबाचा अर्थ

कंसाच्या बाहेर टिंब म्हणजे सध्याचा पत्ता, पण सेक्शनच्या आत तेच टिंब त्या सेक्शनच्या आरंभापासूनचे अंतर सांगते. टेक्स्ट सेक्शनच्या आत टिंबाला १ मेगाबाइट ही किंमत दिली, तर कोड १ मेगाबाइटवर जात नाही. सेक्शनच्या पोटात १ मेगाबाइटची पोकळी तयार होते आणि फाइल अचानक फुगते.

क्यूएमूत चालते, यंत्रावर नाही

साक्रीकडचा एक मुलगा मला म्हणाला होता, “सर, क्यूएमूमा चालस, मशीनवर नही चालस.” त्याने एल्फ फाइलवरून निव्वळ बायनरी काढली होती आणि शेवटी असलेले बीएसएस तिच्यात येतच नाही. एल्फ चढवताना ग्रब ती जागा शून्याने भरतो. स्वतःचा बूटलोडर असेल तर ते काम आपले. क्यूएमूची मेमरी सुरुवातीला शून्यच असल्याने ही उणीव तिथे दिसत नाही, खऱ्या यंत्राच्या मेमरीत मात्र आधीचे काहीही पडलेले असते. बीएसएसच्या दोन्ही टोकांना सिम्बॉल ठेवून सी कोडमध्ये शिरण्याआधी मधली जागा पुसून घ्यावी.

सेक्शनांच्या सीमा ४०९६ बाइटांवर आणण्याबाबत फार सांगण्याची गरज नाही. कोड आणि डेटा एकाच पानात आले तर त्यांना वेगळे अधिकार देता येत नाहीत, लिंकर ज्या संचात येतो त्या बिनयुटिल्सची २.३९ पासूनची आवृत्ती वाचन, लेखन आणि अंमल असे तिन्ही अधिकार एकत्र दिसले की इशारा देते, आणि तो दाबून टाकण्याऐवजी सीमा दुरुस्त कराव्यात.

यावलच्या मुलाची शेवटाच्या सिम्बॉलची ओळ आम्ही बीएसएसच्या खाली नेली आणि ती पानाच्या सीमेवर आणली. त्याचे आरंभीचे पेज टेबल एकच होते, म्हणजे १०२४ नोंदी आणि ४ मेगाबाइट. म्हणून स्क्रिप्टच्या तळाशी एक असर्ट, म्हणजे अट तपासणारी ओळ, लिहिला: कर्नलच्या शेवटाचा भौतिक पत्ता ४ मेगाबाइटपलीकडे गेला, तर लिंकिंग तिथेच थांबेल.