पहिली ते पाचवीचा वर्ग: शिस्त लावताना न्याय कसा सांभाळावा

विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जून संपता संपता उघडतात. नागपुरात तेव्हा नुकता पाऊस सुरू झालेला असतो आणि मुलं दोन महिने मोकाट फिरून आलेली असतात. वर्ग वर्षभर कसा चालणार हे याच पहिल्या दोन आठवड्यांत ठरतं. त्यामुळे अभ्यासक्रम कितीही मागे लागलेला असला, तरी या दिवसांत रोज वीस मिनिटं वागणुकीसाठी वेगळी काढा. न सांगितलेला नियम मोडला म्हणून मुलाला रागावणं हा वर्गातला पहिला अन्याय आहे, आणि सर्वांत जास्त घडणाराही तोच.

नियम चार पुरेत, फार तर पाच. "नीट वागा" हा नियम नव्हे, कारण नीट म्हणजे काय हे आज एक आणि उद्या दुसरं असतं. पाळला की मोडला हे बघणाऱ्या कुणालाही सांगता आलं पाहिजे: एक जण बोलतो तेव्हा बाकीचे ऐकतात. हात-पाय आपल्याजवळ. दुसऱ्याची वस्तू विचारून घ्यायची. मॅडमचा हात वर गेला की बोलणं थांबवायचं. काय करू नये यापेक्षा काय करायचं ते सांगा. "पळू नका"ऐवजी "चालत जा". नियम मुलांना विचारून ठरवायला हरकत नाही, पण शिक्षा त्यांना ठरवू देऊ नका. लहान मुलं शिक्षेच्या बाबतीत मोठ्यांपेक्षा कठोर असतात.

वर्गातला बहुतेक गोंधळ एक काम संपून दुसरं सुरू होण्याच्या मधल्या वेळात होतो: वह्या जमा करताना, खिचडीच्या रांगेत, पाणी प्यायला जाताना. ही कामं शिकवावी लागतात. आधी स्वतः करून दाखवा, मग दोन मुलांकडून, मग सगळ्यांकडून करून घ्या. वह्या शेवटच्या बाकावरून पुढे सरकवायच्या आणि पहिल्या बाकावरच्याने टेबलावर ठेवायच्या, एवढं बसलं तरी रोजची दहा मिनिटं वाचतात. लघवीसाठी दाराशेजारी दोन लाकडी पट्ट्या खिळ्याला टांगा, एक मुलांची, एक मुलींची. पट्टी जागेवर असेल तर घ्यायची आणि जायचं, विचारायचं नाही. पहिली-दुसरीच्या मुलाला तर कधीच अडवू नका. मार्च-एप्रिलमध्ये सकाळची शाळा असते, तेव्हा दहा वाजेपर्यंत खोली तापते आणि बरीच मुलं उपाशी आलेली असतात. पाण्याची बाटली बाकावर राहू द्या, गणित आधी घ्या, आणि त्या वेळची चुळबुळ बेशिस्तीत धरू नका.

टोकताना

वाचन चालू आहे आणि तिसरीतला एक मुलगा पट्टीने बाक वाजवतो आहे. वाचन थांबवू नका. वाचत वाचत त्याच्या बाकाशी जा आणि हात बाकावर ठेवा, मुलावर नाही. बऱ्याचदा तेवढ्यानेच थांबतं. नाही थांबलं तर वाकून, फक्त त्यालाच ऐकू जाईल अशा आवाजात सांगा, "पट्टी दप्तरात ठेव, पान बारा काढ." आणि लगेच पुढे जा. डोक्याशी उभं राहून तो ऐकतो का हे बघत बसलात, तर मित्रांसमोर मान खाली घालावी लागू नये म्हणून तो हट्टाला पेटतो. दहा-पंधरा सेकंदांनी पुन्हा वाजली तर, "दप्तरात ठेवतोस की माझ्या टेबलावर? तू ठरव." तिसऱ्यांदा पट्टी टेबलावर. शाळा सुटताना ती न विसरता परत द्या. तान्हा पोळा, म्हणजे मुलांचा लाकडी बैलांचा पोळा, जवळ आला की दप्तरातून बैल निघतात, त्यांनाही हेच लागू. वस्तू मुलाची आहे, आठवडाभर कपाटात ठेवायचा अधिकार आपल्याला नाही.

हीच पायरी हुशार मुलीलाही आणि रोज उशिरा येणाऱ्यालाही. न्याय इथे दिसतो. मुलं शिक्षकाचा राग विसरतात, पण "तिला काही बोलले नाही, मलाच बोलले" हे विसरत नाहीत.

परिणाम चुकीशी जोडलेला हवा. पाणी सांडलं तर फडकं आणून पुसायचं, दुसऱ्याची वही फाडली तर ती चिकटवून द्यायची. ऊठबशा, कोंबडा, अंगठे धरून उभं करणं, वर्गाबाहेर काढणं, "तू ढच आहेस" असं चारचौघांत म्हणणं, यांतलं काहीही चालणार नाही. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 17 ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी घातली आहे. उल्लंघन करणाऱ्यावर सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई होते. खेळाचा तास काढून घेणंही टाळा, कारण तो बहुतेकदा ज्याला पळण्याची सर्वांत जास्त गरज असते त्याचाच जातो. खिचडी तर कोणत्याही कारणाने रोखायची नाही. आणि दोघांच्या बोलण्यासाठी चाळीस जणांना उभं केलंत, तर गप्प बसलेल्या अडतीस जणांना गप्प बसून काही उपयोग नाही एवढंच कळतं.

मॉनिटरने बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायची पद्धत बंद करा. आठ वर्षांच्या मुलाला न्यायाधीश केलं की त्याचे मित्र सुटतात आणि ज्यांच्याशी भांडण आहे ते अडकतात. मॉनिटरकडे कामं द्या: खडू, डस्टर, खिडक्या. दर आठवड्याला हजेरी क्रमांकाने पुढचा. झाडू आणि पाणी भरण्याचं कामही क्रमांकानेच. ते नेहमी मुलींच्या किंवा ठरावीक वस्तीतल्या मुलांच्याच वाट्याला येत असेल, तर वर्गात जात आणि लिंगभेद शिकवला जातो आहे, कुणी तोंडाने काही बोललं नाही तरी.

"सर, यानं मारलं"

मधल्या सुट्टीनंतरची ही रोजची तक्रार. आधी दोघांना लांब बसवा, लागलं आहे का बघा, पाणी द्या. मग प्रत्येकाला दोन मिनिटं, मध्ये दुसऱ्याने बोलायचं नाही. "का मारलंस?" विचारू नका. सात वर्षांच्या मुलाकडे त्याचं उत्तर नसतं. तो "माहीत नाही" म्हणतो आणि आपण त्याला उद्धट ठरवतो. "त्याच्या आधी काय झालं?" विचारा, मग "त्याच्या आधी?" आवाज झाल्यावर आपण वर बघतो, म्हणून दुसरा फटका मारणारा सापडतो आणि पहिला सुटतो. साक्षीदार असतील तर वेगवेगळे विचारा. शेवटी जबरदस्तीचं "सॉरी" नको. मोडलेलं, सांडलेलं नीट करून देणं पुरतं. मात्र एकच मूल पुन्हा पुन्हा त्याच मुलाला त्रास देत असेल, तर ते भांडण नव्हे. तिथे समोरासमोर बसवून समेट करू नका. त्रास होणाऱ्याला आधी सुरक्षित जागा द्या, दुसऱ्याशी वेगळं बोला आणि मुख्याध्यापकांना कळवा.

भाषेबद्दलही सांगायला हवं. नागपूरची पोट्टी एकमेकांशी "काऊन बे" (का रे) असंच बोलतात, ती शिवी नाही. "मॅडमशी बोलताना 'बे' नको" एवढं समजावून सांगा, त्यासाठी शिक्षा नको. घरी गोंडी, हिंदी किंवा छत्तीसगढी बोलणारं मूल सूचना न कळल्यामुळे बसून राहतं आणि ते ऐकत नाही असं वाटतं. त्याला एका वेळी एकच सूचना द्या, हाताने दाखवा. याउलट जात, रंग, आईवडिलांचं काम, अपंगत्व यांवरून कुणी चिडवलं तर प्रत्येक वेळी, त्याच क्षणी थांबवा. इथे एकदाही कानाडोळा करायचा नाही.

आपलंच माप

एक आठवडा वर्गयादीची प्रत टेबलावर ठेवा. कुणाला टोकलं की नावापुढे फुली, कौतुक केलं की टिंब. शनिवारी बघा. कुणाच्या नावापुढे नुसत्या फुल्या आहेत? शिक्षण हक्क कायद्याच्या पंचवीस टक्के राखीव जागांवरून आलेल्या मुलांच्या? मागच्या बाकांच्या? आणि कोणती नावं कोरीच राहिली? ज्यांच्या फुल्या जास्त, त्यांच्या पुढच्या आठवड्यातल्या बऱ्या गोष्टी मुद्दाम टिपा आणि नेमक्या शब्दांत सांगा. "शहाणा मुलगा" म्हटल्याने काही कळत नाही. "रांगेत तू धक्का न देता थांबलास" याने कळतं.

तरीही एखाद्याचं थांबत नसेल तर वहीत चार रकाने आखा: वेळ, आधी काय चाललं होतं, काय केलं, नंतर काय झालं. दोन आठवडे लिहा. दर वेळी लेखनाच्या तासालाच दंगा होतो आणि दर वेळी त्याला जागेवरून उठवलं जातं असं निघालं, तर त्याला लेखनातून सुटका मिळते आहे, शिक्षाच बक्षीस झाली आहे. त्याचं लेखन पाच ओळींवरून दोन ओळींवर आणा. फळ्यावरून उतरवताना शेजाऱ्याच्या वहीत डोकावणाऱ्याचे डोळे तपासायला हवेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येईल तेव्हा त्याचं नाव आधी द्या, तोवर पुढच्या बाकावर बसवा.

पालकांना पहिला फोन तक्रारीचा नको. रोजंदारीवर जाणाऱ्या आईला दुपारी बोलावू नका, तिची मजुरी बुडते. कामावर जायच्या आधी सकाळी भेटा. वही उघडून काय घडलं ते वाचून दाखवा, मुलाचं एक चांगलं काम आधी सांगा, आणि "घरी मारू नका, इथलं आम्ही इथेच बघतो" हे स्पष्ट बोला. डायरीत लाल शाईचा शेरा लिहून पाठवलात तर पुष्कळ घरांत त्याचा अर्थ मार असा होतो.

मग एकच गोष्ट बदला, जागा किंवा लेखनाची वेळ किंवा सोबती. तिन्ही एकदम बदललंत तर कशाने फरक पडला ते कळणार नाही. दहा शाळेच्या दिवसांनी फुल्या पुन्हा मोजा, आणि कमी झाल्या नसतील तर पुढची गोष्ट बदलून बघा.