शामोनीला निघण्यापूर्वी: ४६ तासांसाठी घड्याळाच्या बॅटरीची तयारी

माँ ब्लाँ पर्वताला वळसा घालणारी यूटीएमबी ही सुमारे १७० किलोमीटरची डोंगरी धावण्याची शर्यत शुक्रवारी संध्याकाळी फ्रान्समधल्या शामोनीहून सुटते आणि ती पूर्ण करायला ४६ तास ३० मिनिटांची मुदत असते. धाव नोंदवणाऱ्या जीपीएस घड्याळाच्या बॅटरीचा हिशेब या मुदतीपासूनच सुरू करावा, स्वतःच्या अपेक्षित वेळेपासून नव्हे. अमेरिकी धावपटू जिम वॉल्म्सलीने २०२३ मध्ये ही शर्यत १९ तास ३७ मिनिटांत जिंकली. त्याला एका चार्जिंगमध्ये पुरणारे घड्याळ दुसरी रात्रही वाटेवर काढणाऱ्याला पुरत नाही.

खोक्यावर छापलेले तास नव्या बॅटरीचे आणि एका ठरावीक मोडचे असतात, हे ध्यानात ठेवावे. गार्मिन फोररनर ९५५ या घड्याळासाठी कंपनी फक्त जीपीएसवर ४२ तास सांगते, पण सर्व उपग्रहप्रणाली दुहेरी फ्रिक्वेन्सीवर (अधिक अचूकतेसाठी एकाच वेळी दोन लहरींवर) चालू ठेवल्या तर हाच आकडा २० तासांवर येतो. घड्याळ दोन-तीन वर्षांचे असेल, तर त्यातूनही काही तास वजा धरावे लागतात. म्हणून शर्यतीच्या महिनाभर आधी एका लांब सरावात शर्यतीचीच सेटिंग ठेवून सुरुवातीची आणि शेवटची टक्केवारी लिहून काढावी. सहा तासांत २४ टक्के खर्च झाले, तर त्या घड्याळाचे खरे आयुष्य २५ तासांचे आहे, आणि पुढची सगळी आखणी या आकड्यावर करायची आहे.

सर्वाधिक विचार लागतो तो उपग्रह मोडच्या निवडीला. अल्ट्राट्रॅकसारख्या मोडमध्ये जागेची नोंद बऱ्याच अंतराने होते. त्याने तास वाढतात, पण नागमोडी चढ-उतारांवर घड्याळ वळणे कापून सरळ रेषा जोडते आणि अंतर कमी दाखवते. पुढचा थांबा किती दूर आहे हे थकलेल्या अवस्थेत चुकीचे कळणे मला फार महागाचे वाटते. त्यामुळे माझा स्पष्ट सल्ला असा, की फक्त जीपीएस आणि दर सेकंदाची नोंद ठेवावी, दुहेरी फ्रिक्वेन्सी सोडून द्यावी आणि वाटेत एकदा चार्जिंग करावे. या शर्यतीच्या मार्गावर प्रकाश परावर्तित करणाऱ्या खुणा लावलेल्या असतात, तेव्हा नकाशाचा पडदा सतत उघडा ठेवण्याचेही कारण उरत नाही.

रक्तातील ऑक्सिजनचे मापन, संगीत, वाय-फाय आणि फोनच्या सूचना बंद कराव्यात. अॅमोलेड (उजळ, रंगीत) पडदा असल्यास तो कायम उजळलेला राहू देऊ नये. मनगट वळवताच लागणारा दिवा तर आवर्जून बंद करावा, कारण काठ्या घेऊन चालताना तो दोन रात्री विनाकारण लागत राहतो. बटण दाबल्यावरच लागेल असा आणि मंद ठेवावा. छातीचा पट्टा लावला तर मनगटावरचा हृदयगतीचा सेन्सर बंद ठेवता येतो, मात्र इतके तास पट्टा बाळगल्यास कातडी सोलवटते. त्यापेक्षा हृदयगतीची नोंदच बंद केलेली बरी.

साधारण ८० किलोमीटरवर कुर्मायोर हे इटलीतले गाव येते आणि शर्यतीआधी आयोजकांकडे दिलेली आपली पिशवी तिथे परत हाती मिळते. टक्केवारी कितीही असो, चार्जिंग तिथेच करावे, कारण मधल्या टप्प्यात बॅटरी झटपट भरते आणि ८० टक्क्यांनंतर रेंगाळते. फोन चालू ठेवणे बंधनकारक असल्याने पॉवर बँक सोबत असतेच. पण घड्याळ इतका कमी विद्युतप्रवाह घेते की अनेक पॉवर बँका आपोआप बंद पडतात. आपली पॉवर बँक टिकते का आणि केबल जोडलेली असताना नोंद चालू राहते का, हे घरीच तपासावे. वाटेतली ग्राँ कोल फेरे ही खिंड २,५०० मीटरहून उंच आहे. थंडीत लिथियम-आयन बॅटरी कमी ऊर्जा देते आणि शून्याखालच्या तापमानात चार्ज केल्यास तिला इजा होते. म्हणून घड्याळ बाहीखाली ठेवावे आणि उघड्या वाऱ्यात चार्जिंग करू नये.

सॉफ्टवेअर अपडेट निदान आठवडाभर आधी उरकावे. शुक्रवारी घड्याळ फोनशी जोडून उपग्रहांची ताजी माहिती उतरवून घ्यावी, चार्जिंगच्या पिनांवरचे घामाचे मीठ ओल्या कापडाने पुसून त्या कोरड्या कराव्यात आणि दुपारी बॅटरी पूर्ण भरावी. थांब्यांच्या मुदती घड्याळी वेळेत दिलेल्या असतात, म्हणून त्या कागदावर लिहून खिशात ठेवाव्यात. शेवटच्या चढावर बॅटरी पाच टक्क्यांवर आली, तर नोंद थांबवून जतन करावी. जीपीएस बंद झाल्यावर उरलेल्या तेवढ्या बॅटरीवर घड्याळ शामोनीपर्यंत वेळ दाखवत राहते.