अण्णा भाऊंच्या कादंबऱ्या आणि त्यांवरचे चित्रपट : सुरुवात कोठून करावी?

अण्णा भाऊ साठे यांची कादंबरी वाचायची आणि तिच्यावरचा चित्रपटही पाहायचा, असे ठरवणाऱ्याला पहिली अडचण येते ती नावांची. 'आवडी' या नावाने चित्रपट शोधला तर तो सापडणार नाही, कारण ती कथा १९६९ मध्ये पडद्यावर आली ती 'टिळा लाविते मी रक्ताचा' या नावाने. त्याच वर्षी 'माकडीचा माळ'वरून 'डोंगरची मैना' आणि 'चिखलातील कमळ'वरून 'मुरली मल्हारीरायाची' हे चित्रपट निघाले. 'अलगूज'वरचा चित्रपट १९७४ चा असून त्याचे नाव 'अशी ही साताऱ्याची तऱ्हा' असे आहे. 'वैजयंता' (१९६१), 'फकिरा' (१९६३) आणि 'वारणेचा वाघ' (१९७०) यांची नावे मात्र पुस्तकाचीच राहिली. या जोड्या आधी वहीत उतरवून घ्याव्यात, म्हणजे शोधण्यात वेळ जात नाही. 'डोंगरची मैना'चा 'माझी मैना गावावर राहिली' या अण्णा भाऊंच्याच छकडीशी, म्हणजे लावणीशी, संबंध जोडण्याची चूकही अनेकांकडून होते. ती छकड संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतली आहे आणि तिचा या चित्रपटाशी संबंध नाही.

चित्रपट हाताशी असला तरी प्रारंभ त्याने करू नये, आणि माझ्या मते 'फकिरा'नेही करू नये. अण्णा भाऊंची पकड कळते ती त्यांच्या कथांतून, आणि त्यांतही 'स्मशानातील सोनं' ही कथा आधी वाचावी. वारणेच्या खोऱ्यातून मुंबईत आलेला भीमा खाणीत काम करतो. खाण बंद पडते. स्मशानातल्या राखेत त्याला अंगठी सापडते आणि मग मढ्यांच्या राखेतून व पुढे पुरलेल्या प्रेतांतून सोने काढणे हाच त्याचा धंदा होतो. एका रात्री कोल्ह्यांशी झुंज देऊन तो प्रेतापर्यंत पोहोचतो, तेव्हा त्याची बोटे त्या प्रेताच्या जबड्यात अडकतात. ती बोटे तो गमावून बसतो आणि नेमकी तेव्हाच खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. एवढ्या भयंकर प्रसंगात लेखक कोठेही हळहळत नाही, भीमाला दोषही देत नाही. माणूस भुकेपोटी काय करतो ते तो दाखवतो आणि बाजूला होतो. हा लेखकाचा स्वभाव ध्यानात आला की कादंबऱ्यांतील बंड वाचताना आपण केवळ शौर्यकथा वाचत आहोत, असा गैरसमज होत नाही.

यानंतर थोडी पार्श्वभूमी हवी. अण्णा भाऊंचा जन्म १ ऑगस्ट १९२० चा, वाटेगावचा. हे गाव आज सांगली जिल्ह्याच्या वाळवा तालुक्यात आहे. पण तेव्हा ते सातारा जिल्ह्यात मोडत असे. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे त्या काळाविषयीच्या लेखनात 'सातारा' म्हटलेले असेल तेथे अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याचे शहरच डोळ्यांपुढे आणू नये. वाळवा आणि शिराळ्याचा मुलूखही त्यात येतो. दुसरी गोष्ट हजेरीची. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे तो या भागातील मांग समाजालाही लागू झाला. ज्याने काही केलेले नाही त्यानेही ठरलेल्या वेळी चावडीवर जाऊन हजेरी द्यायची, परगावी जायचे तर परवानगी घ्यायची, हा त्याचा रोजचा अर्थ होता. हा कायदा रद्द झाला तो स्वातंत्र्यानंतर, १९५२ मध्ये. 'फकिरा'तील संताप कोठून येतो, हे या हजेरीवाचून कळत नाही.

आता 'फकिरा' हाती घ्यावी. ती १९५९ मध्ये प्रसिद्ध झाली, तिला वि. स. खांडेकर यांची प्रस्तावना आहे आणि अर्पणपत्रिका डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या झुंजार लेखणीला आहे. खांडेकरांचा जन्मही सांगलीचाच, आणि त्यांच्या कादंबऱ्यांची वाट अगदी निराळी. म्हणून ही प्रस्तावना वगळू नये, मात्र ती कादंबरी संपल्यावर वाचावी. सुरुवातीचा जोगिणीचा प्रसंग सावकाश, शक्य तर मोठ्याने वाचावा. शिगावची जत्रा ज्या जोगिणीमुळे भरते ती पळवून आपल्या गावी आणली तर जत्रेचा मान आपल्या गावाला मिळतो, आणि फकिराचा बाप राणोजी ती आणायला निघतो. या साहसाला एक नियम आहे : शिवेच्या आत सापडला तर त्याचे शीर जाईल, पण एकदा शीव ओलांडली की त्याला हात लावायचा नाही. राणोजी शीव ओलांडतो आणि तरीही मारला जातो. पुढचा सगळा संघर्ष या मोडलेल्या नियमातून उगवतो. दुष्काळात माणसे अन्नान्न करून मरू लागतात तेव्हा फकिरा धान्य लुटतो, त्यामागेही हाच न्याय आहे. व्यवस्थेने आपला शब्द आधी मोडलेला असतो. विष्णुपंत कुलकर्णी हे पात्रही नीट पाहावे. गावच्या मांगांनी उपासमारीने मरू नये म्हणून उभा राहणारा हा कुलकर्णी कादंबरीला सरधोपट जातिद्वेषाच्या कथेपासून वाचवतो.

कादंबरी वाचून झाल्यावर लगेच चित्रपट लावू नये. चार-आठ दिवस जाऊ द्यावेत. त्याआधी तीन गोष्टी टिपून ठेवाव्यात : जोगिणीची शर्यत, हजेरी आणि शेवटी घरच्या माणसांसाठी फकिराचे स्वतःहून हवाली होणे. चित्रपट पाहताना या तीन ठिकाणी दिग्दर्शकाने काय ठेवले, काय गाळले आणि काय वाढवले एवढेच पाहावे. सूर्यकांत यांचा फकिरा तगडा आहे. पण पडद्यावरचा नायक तगडा झाला की त्याच्या मागे उभे असलेले उपाशी गाव लहान दिसू लागते, आणि अण्णा भाऊंनी कादंबरी लिहिली होती ती त्या गावाची. तुलना करताना हा प्रश्न मनात ठेवला तर 'पुस्तक बरे की पिक्चर बरा' या निष्फळ वादात वेळ जात नाही.

त्यानंतर 'वैजयंता' पाहावी. दिग्दर्शन गजानन जागीरदार यांचे आणि नायिका जयश्री गडकर. येथे तुलनेची कसोटी बदलते, कारण तमाशातील कलावंतीण हा विषय मराठी पडद्याने फार वापरलेला आहे. कादंबरीत त्या बाईच्या कष्टाला आणि मानापमानाला किती जागा आहे आणि चित्रपटात फडाला किती आहे, हे मोजावे. 'वारणेचा वाघ' कादंबरी म्हणून 'फकिरा'च्या सावलीत राहते असे मला वाटते. सत्तू भोसलेची ती बंडकथा वेगवान आहे, एका बैठकीत संपते. 'आवडी' मात्र वाचावीच, जातीबाहेरच्या लग्नाचा विषय तिने ज्या धिटाईने हाताळला त्यासाठी. उरलेले चित्रपट जसे मिळतील तसे पाहिले तरी चालतील, पण श्रेयनामावली पुढे ढकलू नये. 'कथा' या ओळीत अण्णा भाऊंचे नाव आहे का, ते तपासूनच आपल्या वहीत खूण करावी.

पुस्तकांसाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने काढलेले निवडक वाङ्मय हा सोयीचा खंड आहे. सुट्या आवृत्त्यांसाठी तालुक्याच्या गावातील सार्वजनिक वाचनालयात किंवा सांगली नगर वाचनालयात विचारावे. जुनी आवृत्ती मिळाली तर ती घ्यावी, मात्र पाने सुटलेली नाहीत ना, हे तेथेच पाहून घ्यावे.

वाटेगावला जायचे असेल तर ते वाचनानंतर जावे. कराडकडून कोल्हापूरच्या बाजूला येताना महामार्गावर कासेगाव लागते, तेथून आत वळावे. गावात अण्णा भाऊंचे स्मारक आहे. १ ऑगस्टच्या जयंतीला तेथे मोठी गर्दी असते, त्यामुळे ज्याला शिवार आणि शिगावची दिशा निवांत पाहायची आहे, त्याने तो दिवस टाळून सुगीनंतर, शेत मोकळे झाल्यावर जावे.